ॲपमध्ये एककांची चिन्हं सरसकट कॅपिटल केली तर चालेल का?

केळीपट्टा: रावेर-यावलकडच्या केळी बागायतदारांसाठी ठिबकचं ॲप करतोय. विहिरीच्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती याचा अंदाज), खताच्या द्रावणाचा ईसी, लाइनचा दाब, सगळं एकाच स्क्रीनवर. डिझायनरने सगळी लेबलं कॅपिटल केलीत, उन्हात मोबाइलवर ठळक दिसतात म्हणून. मला खटकतंय. तो म्हणतो, किलोग्रॅमचा के मोठा झाला तर कुणाचं काय बिघडतं? त्याला पटेल असं काही सांगा.

तापीकाठ: भाऊ, किलोग्रॅम राहू द्या, त्याला ईसीच दाखवा. मी ठिबकचे कंट्रोलर बसवतो, म्हणून कळकळीने लिहितोय.

द्रावणाचा ईसी आपण मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये मोजतो. चिन्हात एम स्मॉल, एस कॅपिटल. किलो आणि त्याखालचे सगळे उपसर्ग स्मॉल, मेगापासून वरचे कॅपिटल, हा नियमच आहे. एम मोठा केला की मिलीचा मेगा झाला, म्हणजे अब्जपट फरक. के मोठा केला तर ते केल्विनचं चिन्ह. एस लहान केला तर सेकंद.

विहिरीच्या पाण्याचं तर याहून वाईट. ते बरेच मीटर मायक्रोसीमेन्समध्ये दाखवतात. मायक्रोचं चिन्ह म्हणजे ग्रीक म्यू. सीएसएसमधल्या (स्क्रीनवरची मांडणी ठरवणाऱ्या कोडमधल्या) अपरकेसने त्याचा ग्रीक कॅपिटल म्यू होतो आणि तो दिसतो हुबेहूब इंग्रजी एम. आता विहिरीचं पाणी ८०० मायक्रो आणि द्रावण १.८ मिली असेल, तर स्क्रीनवर ८०० आणि १.८ एकाच चिन्हाखाली येतील. खरं तर विहिरीचं पाणी ०.८ मिली, द्रावणाच्या निम्म्याहूनही कमी. पण वाचणाऱ्याला वाटेल, विहीर पार खारट झाली. मग तो खत कमी करेल, नाहीतर पाणीच बंद करेल. एप्रिल-मेच्या उन्हात केळीला ते सोसत नाही.

डिझायनरला हे दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवा. लेबल हवं तेवढं ठळक करू दे, पण कोडमध्ये एककाला वेगळा स्पॅन द्या आणि त्यावर टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म नन ठेवा, म्हणजे ते कॅपिटल होणार नाही.

खान्देशी_कोडर: एक भर घालतो. युनिकोडमध्ये मायक्रो दोन आहेत, ००बी५ आणि ग्रीकमधला ०३बीसी. दिसायला सारखेच, पण कोडमध्ये तुलना केली तर जुळत नाहीत. सेन्सरकडून एक आणि डेटाबेसमध्ये दुसरा असला की फिल्टर रिकामा येतो. साठवताना यूकमचे (एककं संगणकात लिहायच्या प्रमाणित पद्धतीचे) कोड वापरा, त्यात मायक्रोसाठी साधा स्मॉल यू आहे. दाखवताना खरं चिन्ह लावा.

केळीपट्टा: दादा, ८०० आणि १.८ बघून डिझायनर लगेच तयार झाला. आता भावाचं विचारतो. केळीचा भाव इथे क्विंटलने बोलतात, मग साठवू कशात?

तापीकाठ: भाव किलोग्रॅममागेच साठवा, दाखवताना १०० ने गुणा आणि ‘प्रति क्विंटल’ असं पूर्ण लिहा. बागायतदार तेच बोलतो, त्याला तेच दिसलं पाहिजे. आणि आकडा व चिन्ह यांच्यात जागा सोडा, चिन्हाला अनेकवचनाचा एस किंवा पूर्णविराम लावू नका.