ढालींची भिंत की फळी? आणि 'स्कर्मिशर'ला काय म्हणायचं?

मध्ययुगीन धाटणीच्या लुटुपुटूच्या लढाईवरचं एक टिपण मराठीत करते आहे. दोन शब्दांवर गाडी अडली. वाक्य साधारण असं: 'शील्ड वॉल मध्ये उभी करा, स्कर्मिशर पुढे सोडा, वॉल भिडायच्या आत त्यांनी समोरच्यांना छेडून बाजूला व्हावं.' पहिल्याला, म्हणजे ढालीला ढाल लावून उभ्या राहिलेल्या रांगेला, 'ढालींची भिंत' लिहिलं, पण पुढच्याच ओळीत ती भिंत दहा पावलं चालून जाते! दुसऱ्याला, म्हणजे रांगेबाहेर मोकळं फिरून छेड काढणाऱ्याला, कोशात 'चकमक करणारा' मिळालं. काही सुचतंय का?

---

चकमक नको. मूळ शब्द फार नेमका आहे खरं तर: गारगोटीवर पोलाद आपटलं की ठिणगी उडते, वणवा पेटत नाही. पण वर्तमानपत्रांनी तो पोलिसांना देऊन टाकलाय. तुमचा भाला फेकणारा पोरगा उगाच 'चकमकफेम' व्हायचा.

'बिनीवाले' चालेल का? बिनीचे शिलेदार सगळ्यांना कळतात.

---

बिनी म्हणजे कूच करताना सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. इथले गडी फक्त सुरुवातीला पुढे असतात. नंतर बगलेला, कधी फळीच्या मागेसुद्धा. शिवाय बिनीचा म्हटलं की मानाचा वाटतो, आणि यांचं काम म्हणजे निव्वळ खोड्या काढणं.

---

वर कुणीतरी सहज 'फळी' लिहून गेलंय. तोच तुमचा शब्द!

जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे लाकडाची फळीही आणि ढालही, कारण त्या ढाली लाकडी फळ्या जोडूनच करत. ढालींच्या रांगेला 'बोर्डवील'. इंग्लंडमधल्या ९३७ सालच्या ब्रुनानबर्हच्या लढाईवरच्या कवितेत ही बोर्डवील चिरली असं म्हटलंय. आपण काय म्हणतो? शत्रूची फळी फोडली. आता आपल्याकडे बघा: अमरकोशात ढालीला 'फलक' असा पर्याय आहे, आणि फलक म्हणजे फळीसुद्धा. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, लाकडाच्या त्याच तुकड्यावरून शब्द घेतला.

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत मात्र 'स्क्याल्डबोर्ग', म्हणजे ढालींचा गड. 'ढालकोट' म्हणता येईल, पण तो अंगात घालायचा वाटतो.

---

फळीला माझं मत. 'भिंत' लिहिलं की लोक खरंच भिंतीसारखे गप्प उभे राहतात. मी फोमच्या हत्यारांनी खेळतो, म्हणून जागांबद्दल थोडं.

ढाल डाव्या हातात. त्यामुळे प्रत्येकाची उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीमागे, आणि उजव्या टोकाच्या गड्याला शेजारीच नाही. ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीजनं इ.स.पू. ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईबद्दल हेच लिहिलंय: जो तो शेजारच्या ढालीकडे सरकतो आणि अख्खी फळी उजवीकडे वाहत जाते. आमचीही जाते. म्हणून स्कर्मिशर दोन्हीकडे सारखे वाटू नका. जास्त माणसं समोरच्यांच्या उजव्या, म्हणजे आपल्या डाव्या बगलेला. स्वतःच्या उजव्या टोकाला एखादा भरवशाचा गडी पुरतो, फक्त तो पाठलागाला पळणारा नको. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत १०६६ मध्ये तेच झालं. पळणाऱ्या नॉर्मनांमागे टेकडी उतरलेले इंग्रज फळीपासून तुटले आणि खाली कापले गेले.

आणि 'लुटुपुटूची' जरा जपून. १९६६ पासून चालत आलेल्या 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम' या मध्ययुगीन लढाया खेळणाऱ्या संस्थेत वेताचे जाड दांडके चालतात. शिरस्त्राणावर एक बसला की लुटुपुटू आठवत नाही.

---

'विटेकरी' घ्या की! विटा म्हणजे दोरी बांधलेला फेकायचा भाला. शब्द जुना आहे, मराठ्यांच्या फौजेतला आहे.

---

विटेकरी सुंदर आहे, पण तो हत्यारावरून पडलेला शब्द. माझ्या टिपणात कुणाकडे भाला, कुणाकडे धनुष्य, एकाकडे नुसती आखूड तलवार. ग्रीकांनी 'पेल्टास्ट' हे नाव त्यांच्या 'पेल्टे' या हलक्या ढालीवरून पाडलं, तशी सोय इथे नाही. अथेन्सचा सेनापती इफिक्रेटीस याच्या पेल्टास्टांनी इ.स.पू. ३९० मध्ये कॉरिंथच्या लेखायन बंदराजवळ सुमारे ६०० स्पार्टन हॉपलाइटांच्या, म्हणजे मोठी ढाल आणि भाला घेऊन फळीत लढणाऱ्या पायदळाच्या, तुकडीची दाणादाण उडवली होती. भाले फेकायचे, स्पार्टन धावून आले की मागे पळायचं, ते वळले की पुन्हा फेकायचे. मला हत्यार नाही, हे ये-जा करणं सांगणारा शब्द हवाय.

---

मग 'सुटे'. फळीत बांधलेले आणि फळीबाहेरचे सुटे. हत्यार कुठलंही असो.

गंमत म्हणजे 'स्कर्मिश'चं मूळ 'रक्षण करणं' या अर्थाच्या जर्मानिक धातूत सापडतं. जर्मन छत्रीला 'रेगेनशिर्म' म्हणतात, त्यातला 'शिर्म' त्याच घरातला. म्हणजे नाव आडोशावरून आणि काम आडोसा सोडून पळायचं.

---

'सुटे' वाचून नाण्यांची चिल्लर आठवली, पण ते वाईट नाही. चिल्लरसारखेच हवे तिथे हवे तेवढे टाकता येतात. एकट्यानं 'सुटे' खटकत असेल तर पहिल्यांदा 'सुटे लढवय्ये' लिहा, मग नुसतं 'सुटे'.

---

लिहून पाहिलं: 'फळी मध्ये धरा, सुटे पुढे सोडा, फळ्या भिडायच्या आत सुट्यांनी छेड काढून बगलेला निघून जावं.' मोठ्यानं वाचलं तरी अडखळत नाही. 'फळी बांधा'पेक्षा 'फळी धरा' ठेवलंय, कारण मैदानात ओरडायला ते सोपं आहे.

आता नवीन अडचण. पायावर फटका बसला की नियमाप्रमाणे तो गडी गुडघ्यावर येऊन लढतो. तो बाद नाही, पण फळी पुढे सरकली की मागे राहतो आणि त्याच्या जागी भगदाड पडतं. सुटे नेमके पायांवर नेम धरतात ते त्यासाठीच. या गड्याला एका शब्दात काय म्हणू?

---

खुंट. हलत नाही आणि सगळे त्याला अडखळतात.