वाचनकट्टा ग्रुप: 'सागा'चा ५४ वा अंक आणि त्यानंतर

मृणाल (बी-४०३): क्लबहाउसच्या कपाटात आज 'सागा' या इंग्रजी कॉमिक्स मालिकेचा अकरावा खंड ठेवलाय, अंक ६१ ते ६६. पण ठेवताना आनंद झाला नाही. २०१२ पासून ही मालिका वाचतेय, दुसऱ्या कुठल्याही विज्ञानकथेने मला एवढा जीव लावलेला नाही. म्हणून इथे मन मोकळं करते. ज्यांना पुढे वाचायची आहे त्यांनी माझे मेसेज वाचू नका, सगळं आधीच कळेल.

कुलकर्णी काका (ए-१०१): मृणाल, मला कळलं तर चालेल. आहे काय ते? आमच्या सईला देता येईल का? आठवीत आहे.

मृणाल: काका, सईला आत्ता नको. नग्नता, हिंसा, शिव्या, सगळं आहे. कपाटावर तशी चिठ्ठी लावलीये. तुम्ही मात्र जरूर वाचा. लँडफॉल नावाचा ग्रह आणि रीथ हा त्याचा चंद्र, यांचं पिढ्यानपिढ्या युद्ध चाललंय. एक नष्ट झाला तर दुसरा कक्षेतून सुटणार, म्हणून दोघांनी आपली लढाई दुसऱ्यांच्या ग्रहांवर नेऊन ठेवलीये. लँडफॉलच्या लोकांना पंख, रीथच्या लोकांना शिंगं. पंखवाली अलाना आणि शिंगवाला मार्को, दोघंही सैनिक, लग्न करून पळतात. त्यांची मुलगी हेझल मोठी झाल्यावर आपली गोष्ट सांगतेय. तिचं निवेदन चौकटीत नसतं, चित्रावरच हाताने लिहिलेलं असतं.

कुलकर्णी काका: दुसऱ्यांच्या जमिनीवर लढाई. हे काल्पनिक कुठे आहे?

मृणाल: तेच ना काका! म्हणून तर मी धरून राहिले. लाकडाचं रॉकेट, डोक्याच्या जागी टीव्ही असलेला राजपुत्र, कुणी खोटं बोललं की 'खोटं' म्हणणारी मांजर. रीथचे लोक एस्पेरांतो बोलतात, म्हणजे आपल्या जगात मुद्दाम बनवलेली ती भाषा! पण हे सगळं एका संसाराभोवती होतं. नवरा-बायको भांडतात, पोरीला सांभाळायला अर्धं शरीर असलेलं भूत ठेवतात, सासू-सासरे येऊन राहतात. आणि मार्कोने तलवार खाली ठेवायचं ठरवलेलं. ते त्याला जमेल का, हा या मालिकेचा कणा होता.

मंदार (बी-६०२): आणि ५४ व्या अंकात कणाच काढला. जुलै २०१८. तो अंक वाचून मी रात्रभर जागा होतो.

मृणाल: मार्को मेला याची तक्रार नाही रे दादा. ते मरण खरं होतं, त्यासाठी सगळी तयारी केलेली होती. त्यानंतर साडेतीन वर्षं थांबले. जानेवारी २०२२ मध्ये ५५ वा अंक आला. आणि मग? अलाना दुधाची पावडर विकतेय, नशेच्या मालाची ने-आण करतेय, वाटेत चाचे भेटतात. तलवारीचा प्रश्न ज्याचा होता तो गेला, मग तो प्रश्न आता कुणाकडे आला? अलानाकडे यायला हवा होता. पानंच्या पानं जातात, पण त्याचा नीट शोध घेतलेला मला दिसला नाही. नवी माणसं येतात तेव्हा आता मला त्यांच्याशी ओळखच करावीशी वाटत नाही, कारण वाटतं यालाही मारायलाच आणलंय. पहिल्या खंडात मी प्रत्येकासाठी घाबरायचे. आता धक्का बसायच्या आधीच मन आखडतं.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाक्या धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

मंदार: मला नाही पटत. हेझलने बाप गमावलाय, घर विस्कटलंय. ती गोष्ट विस्कटलेलीच असणार. अलाना पोरांच्या पोटासाठी मिळेल ते करतेय, युद्धातल्या बाईचं तेच खरं आहे. आणि राजपुत्राचा मुलगा स्क्वायर बघ, बाप मेल्यापासून त्या पोराची वाचाच गेलीये. ती पानं वाचताना तुला काही झालं नाही?

मृणाल: झालं. स्क्वायरच्या पानांवर मी रडले. तो न बोलता बसलेला असतो, ते फियोना स्टेपल्सने नुसत्या खांद्यांतून दाखवलंय. चित्रं, रंग, मुखपृष्ठं, सगळं ती एकटी करते, त्यामुळे अंक उशिरा येतात याबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही. माझं भांडण ब्रायन वॉनच्या लेखनाशी आहे. एकूण १०८ अंक ठरलेत, म्हणजे ५४ ही बरोब्बर मध्यरेषा. २०२२ पासून पहिल्या तीन वर्षांत २० अंकही झाले नाहीत. इतक्या सावकाश येणाऱ्या गोष्टीत सहा अंकांचा एक खंड नुसता पळण्यात गेला, तर वाचकाचं वर्ष जातं.

शर्वरी ताई (सी-२०४): मी पाचव्या खंडावर सोडलं होतं. दुसरं मूल नुकतंच झालेलं, त्या घरातली भांडणं वाचवेनात. इतकी खरी होती.

कुलकर्णी काका: आमच्या वेळी मासिकातल्या कादंबरीखाली 'क्रमशः' असायचं. महिनाभर घरात त्यावर बोलणं चालायचं. लेखक भरकटला की आई म्हणायची, याला शेवट माहीत नाही.

मृणाल: काका, इथे उलट आहे. शेवट माहीत असणार असं मला वाटतं. मोठी झालेली हेझल सांगतेय, म्हणजे ती जगणार हे पहिल्या अंकापासून ठाऊक आहे. ती कशी घडली, कुणाची झाली, हेच बघायचंय. आणि मला तिची आजी हवीये. मार्कोची आई, क्लारा. कैद्यांच्या छावणीतून सुटायची संधी होती, तरी आपण होऊन मागे राहिली. मुलाचं काय झालं हे कळल्यावर ती काय करेल, या एका प्रसंगासाठी मी इतकी वर्षं थांबलेय.

शर्वरी ताई: आता मला सहावा वाचावाच लागणार.

मृणाल: सहावा वरच्या फळीवर आहे ताई. काका, तुमच्यासाठी पहिला आज वॉचमनकडे ठेवते.

मंदार: बारावा मागवलास?

मृणाल: नाही. पहिल्यांदाच मागवला नाही.

मंदार: मग मी मागवतो. वाचून झाला की तुझ्या दाराशी आणून ठेवीन. आधी काही सांगणार नाही.

मृणाल: क्लारा आहे का, एवढंच सांग.