झोताच्या वाऱ्यात धावपट्टी टॉवरने बदलायची की पायलटने मागायची?

वारामापक:
परवा ज्या विमानात होतो ते दोनदा पट्टीपर्यंत खाली आलं आणि दोन्ही वेळा गो-अराउंड करून परत वर गेलं, आत लोक देवाचं नाव घेत होते. तिसऱ्यांदा वेगळ्या दिशेच्या पट्टीवर नेलं आणि इतकं अलगद उतरलं की चाकं टेकलेली कळली पण नाहीत. तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, ती पट्टी आधीच का नाही दिली?

माझं मत स्पष्ट सांगतो. वारा जोराचा आणि झोतांचा असेल तर टॉवरने, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने, स्वतःहून वाऱ्याला तोंड करणारी पट्टी चालू करावी, पायलट मागेल तेव्हा बघू असं नको. 40 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किमी) वारा पट्टीशी 30 अंशांचा कोन करून येत असेल तर आडवा वारा 20 नॉट लागतो, तोच 60 अंशांनी आला तर जवळजवळ 35. म्हणजे वारा तोच, फक्त पट्टी बदलायची.

हॅम्बर्गचं उदाहरण बघा. 1 मार्च 2008 ला वादळात एक ए-320 विमान पट्टी 23 वर (पट्टीचा आकडा म्हणजे तिची दिशा, 23 म्हणजे 230 अंश) उतरत होतं, टॉवरने सांगितलेला वारा 300 अंशांवरून 33 नॉट, झोत 47. म्हणजे 70 अंश आडवा! डाव्या पंखाचं टोक पट्टीला घासलं, नशिबाने विमान वर उचललं गेलं आणि नंतर पट्टी 33 वर सुखरूप उतरलं. कोणाला इजा झाली नाही. पण 33 वर तोच वारा फक्त 30 अंश आडवा होता, आणि ही पट्टी पहिल्यापासून तिथेच होती ना?

हेडसेटवाला:
बरीच वर्षं टॉवरमध्ये काढलीत म्हणून लिहितोय, पट्टी बदलणं म्हणजे बटण दाबणं नव्हे हो. रांगेत दहा-बारा विमानं असतात, प्रत्येकाचा मार्ग नव्याने आखायचा, खाली टॅक्सी करणारी विमानं उलटी फिरवायची, त्यात कोणाचं इंधन कमी होत आलेलं असतं, आणि एवढं सगळं होईपर्यंत वादळाचा पट्टा पुढे सरकून वारा 40-50 अंश फिरलेला असतो, मग परत बदला. शिवाय शेवटच्या क्षणी पट्टी बदलली की कॉकपिटमध्ये नवा अप्रोच, नवं ब्रीफिंग, सगळं घाईत. घाईत होणाऱ्या चुकांचं काय?

आणि वाऱ्याला तोंड करणारी पट्टी बऱ्याच ठिकाणी आखूड असते, पावसात ओली असली तर आणखी पंचाईत. आडवा वारा वाचवायला गेलो आणि पट्टीच्या टोकाबाहेर गेलो, असं नको. विमानाची हालत पायलटला माहीत असते, त्याने मागावं, आम्ही देतो. आजवर कारण नसताना नाही म्हटलेलं नाही.

वारामापक:
आखूड पट्टीचं मान्य, पण हॅम्बर्गला ते लागू पडत नाही. तिथे 33 ही जास्त लांब आहे, 3666 मीटर, आणि 23 आहे 3250. फरक एवढाच होता की 23 वर आयएलएस होती, म्हणजे दिशा आणि उतार दोन्ही दाखवणारी रेडिओ यंत्रणा, 33 वर नुसता लोकलायझरचा अप्रोच, म्हणजे फक्त दिशा. म्हणजे सोयीची पट्टी घेतली गेली, वाऱ्याची नाही. आणि पायलटने मागावं म्हणता, पण समोरची चार विमानं त्याच पट्टीवर उतरलेली दिसत असताना पाचवा कशाला वेगळं मागेल? माणसाचा स्वभावच आहे तो.

आवाजाचा मुद्दा तर तुम्ही काढलाच नाही. वस्तीला त्रास नको म्हणून ठराविक पट्टीला पसंती देतात. त्याबद्दल आयसीएओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, सांगून ठेवलंय की झोत धरून आडवा वारा 15 नॉटच्या वर किंवा मागचा वारा 5 नॉटच्या वर गेला तर पट्टी आवाजावरून ठरवायची नाही. झोत धरून, सरासरी नव्हे!

रडर:
तुम्ही दोघं कोनावरच अडलाय राव. नुसती दिशा बरोबर असून भागत नाही. 23 मार्च 2009 ला टोकियोजवळच्या नारिताला एमडी-11 मालवाहू विमान उतरताना आपटून उसळलं, उलटं झालं, पेटलं, दोन्ही पायलट गेले. त्या दिवशी वारा जवळजवळ समोरूनच होता, पण झोतांचा होता. झोत अचानक ओसरला की पंखाखालची उचल जाते, मग वारा नाकासमोर असला तरी विमान आपटतंच. म्हणून तर अप्रोचच्या वेगात झोताचा वाटा वाढवून घेतात, आणि जास्त वाढवला तर पट्टी जास्त लागते, तिकडूनही कात्रीच.

हाँगकाँगचंही तेच. दक्षिणेचा वारा विमानतळाशेजारच्या लांताऊ बेटाच्या डोंगरांवरून घुसळत येतो आणि पट्ट्या सगळ्या एकमेकींना समांतर, बदलून बदलणार काय? तिथे विंडशिअरची (वारा अचानक बदलण्याची) सूचना आणि थांबायची तयारी हेच कामाला येतं. गो-अराउंड झाला म्हणजे काहीतरी बिघडलं असं प्रवाशांना वाटतं, उलट त्या पायलटने योग्य तेच केलं.

अजून एक. ए-320 चा 33 नॉट, झोतासह 38 हा आकडा म्हणजे चाचणीत विमान उतरवून दाखवलेला आडवा वारा. काही कंपन्या तो कडक मर्यादा म्हणून पाळतात, काही नुसती माहिती म्हणून. हॅम्बर्गच्या चौकशीत या गोंधळावर बोट ठेवलंय. आधी ते साफ करा, पट्टीचं नंतर.

हेडसेटवाला:
रडरचं पटलं. वारामापक, झोत धरायचा हेही मान्य, पण कुठला? उतरणाऱ्याला आम्ही सांगतो तो वारा 2 मिनिटांच्या सरासरीचा, मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या ठराविक वेळाने निघणाऱ्या हवामान अहवालात, 10 मिनिटांची, आणि झोत तिथे छापतात तो सरासरीपेक्षा किमान 10 नॉट जास्त असला तरच. 25 वर 34 चा झोत आला तर मेटारमध्ये झोत दिसणारच नाही, आणि पायलट निघताना तोच कागद वाचून निघालेला असतो.

वारामापक:
मग हे तर माझ्याच बाजूचं झालं की! ताजा आकडा तुमच्या स्क्रीनवर, पायलटकडे जुना, तरी मागायचं त्याने? निदान दोन्ही पट्ट्यांचा आडवा वारा, झोतासकट, न विचारता रेडिओवर सांगा. दुसरी पट्टी आहे हे पहिल्या गो-अराउंडच्या आधी कळू दे.

हेडसेटवाला:
सांगायला माझी हरकत नाही. स्वतःहून बदलायला मात्र अजूनही आहे.