मदत हवी आहे: पोरगा रात्री झोपतच नाही

नमस्कार मंडळी, जुळे सोलापूरला राहते. मुलाला तेरावं सरत आलंय. वर्षभरात फुलपँटी घोट्याच्या वर गेल्या, आवाज फाटला, शेंगाचटणी-भाकरी कितीही वाढा, कमीच. ते ठीक. पण रात्री बारापर्यंत टक्क जागा आणि सकाळी सातच्या शाळेसाठी उठवताना रोज महाभारत. वयात येताना मेलाटोनिन (झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन) रात्री उशिरा पाझरतं, म्हणून झोपही उशिरा येते, हे वाचलंय. पण या वयाला 8 ते 10 तास झोप हवी, ह्याला जेमतेम सहा मिळतात. ह्यांच्या मते सगळा दोष मोबाईलचा. मला अर्धाच वाटतो. काल सकाळी नुसतं 'ऊठ रे' म्हटलं तर दार आपटलं, आणि संध्याकाळी स्वतःच चहा करून आणला! कुणी झोपेची वेळ हळूहळू अलीकडे आणलीय का? कशी? या वयाच्या पोरांशी नीट बोलणारे डॉक्टर सोलापुरात असतील तर तेही सांगा.