हलक्या गळाने जिताडा: होडी कोणत्या दिवशी ठरवू?

खारघरचा_नवखा
नमस्कार मंडळी. आजवर तळ्यावर रोहू-कटलाच गरवले, खाऱ्या पाण्याशी संबंध नाही. होळीला सासरेबुवा येतायत, आठवडाभर मुक्काम. जावयाने खाडीत न्यावं असा त्यांचा हट्ट. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून सकाळची होडी भाड्याने घ्यायचा बेत आहे. सात फुटी स्पिनिंग रॉड आणि 3000 चं रीळ आहे. दुकानदार म्हणतो 40 पौंड ताण सोसणारीच ब्रेड लाइन (विणलेली दोरी) घ्या, नाहीतर जिताडा तोडून नेईल. खरं का? आणि होळीच्या सुट्टीलाच गेलो तर?

ऐरोलीकर
दुकानदाराला जाड लाइन खपवायची असेल. 15 ते 20 पौंडांची ब्रेड लाइन भरा, पुढे गळाजवळ हातभर 30 पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे घासणं सोसणारा जाड तुकडा. जिताड्याला सुळे नसतात, तोंड खरकागदासारखं खरखरीत असतं आणि कल्ल्याची कड ब्लेडसारखी. लाइन तुटते ती या घासण्याने, माशाच्या ताकदीने क्वचितच. रिळाचा ड्रॅग (ब्रेक) लाइनच्या पाव ताकदीवर ठेवा. मासा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा रॉडचं टोक पाण्याकडे वाकवा, ताणून धरलात तर गळ निसटतो.

होळीचा दिवस मात्र सोडा. पौर्णिमा म्हणजे उधाण, खाडीचा सगळा चिखल वर येतो. त्या पाण्यात लुअर (नकली आमिष) माशाला दिसणार कसा? कोळ्यांचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला सुकती (पूर्ण ओहोटी). भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी कमी, त्यातल्या त्यात नितळ. माझं मत अष्टमीला.

दिवाळ्याचा_नाखवा
ऐरोलीकर भाऊ, नितळ पाणी खरं, पण भांगाला पाणी तिवरांत चढतच नाय पुरतं. चढलं नाय तर उतरणार काय? जिताडा तिवरांतल्या ओहोळाच्या तोंडाशी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, ओहोटीबरोबर वाहत येणारी कोलंबी, बोईट गिळायला. पाणीच मेलेलं असलं तर तो तिथं थांबतो कशाला?

रंगपंचमीला या. पाचाचे पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे भरती, दहाच्या आसपास सुकती. उजाडलं की होडी सोडायची, पाणी उतरतं तेवढ्यात काम करायचं. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, भरती-ओहोटीचा तक्ता बघून घ्या.

होडीवाल्याला आधीच सांगा, गरवायला येतोय, जाळ्याला नाय. नाहीतर तो इंजिन चालू ठेवून थेट ओहोळावर नेतो आणि मासा पळतो. वरच्या अंगाला लांब थांबून नांगर सोडायचा, दोर सोडत हळूहळू खाली उतरायचं. गळ ओहोळाच्या आत फेका, प्रवाहाबरोबर बाहेर येऊ दे. उभं एकानेच राहायचं, सासरेबुवांनी बसूनच फेकावं. लाइफ जॅकेट मागून घ्या.

ऐरोलीकर
नाखवा म्हणतात ते पटलं, रंगपंचमीच बरी. फक्त गढूळपणा उरलेला असेल, तर लुअर पांढरा किंवा चमकीचा घ्या, शेपूट हलणारं सॉफ्ट प्लास्टिक. नाहीच घेतलं तर जिवंत कोलंबी.

सीवूड्सवाली_मानसी
दोन गोष्टी. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या पट्ट्यात ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 पासून. 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. होळीच्या सुमारास पक्षी भरलेले असतात. तिकडे होडी वळवायला सांगू नका. समोर ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राच्या किनाऱ्याजवळही नाही.

दुसरं, जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे ज्याच्यासोबत फोटो काढायची हौस असते तो बहुधा अंड्यांचा मालक, नव्हे मालकीण. फोटो काढा आणि सोडा, खायला मधला ठेवा. शिंगाळा (मिशावाला मासा) लागला तर हाताने धरू नका. त्याच्या काट्यात विष असतं, चिमटा वापरा. टोचलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

खारघरचा_नवखा
रंगपंचमी पक्की. सासरेबुवांना मोठा जिताडा सोडायला सांगणं मात्र माझ्याच्याने होणार नाही, ते काम बायकोवर सोपवतो. नाखवा, होडीचं भाडं माणशी घेतात की होडीमागे?

दिवाळ्याचा_नाखवा
होडीमागे. तिघांपेक्षा जास्त जण घेऊ नका, गळ एकमेकांच्या कानात अडकतील. आणि जून-जुलैत यायचं मनात आणू नका, तेव्हा बंदी.