लिलावाची नोटीस मी गावच्या ग्रुपवरून उडवली. चुकलं का?

गोदाकाठचा (धागा सुरू करणारा)

मंडळी, सरळच विचारतो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. ग्रुपवर येतं काय, तर लाइट कधी येणार, कांद्याचा भाव, कुणाचं वासरू सुटलं, आणि निधनवार्ता. निधनवार्ता सगळ्यांत जास्त.

गेल्या सोमवारी सकाळी सातला एका घरच्या वर्षश्राद्धाची पत्रिका आली. नेहमीसारखी. हार घातलेला फोटो, दहा ते बारा कीर्तन, मग पुष्पवृष्टी आणि महाप्रसाद. वीस-पंचवीस जणांनी हात जोडले. सात-वीसला बरोब्बर त्याच्याखाली एकानं पेपरातलं कात्रण टाकलं. तालुक्याच्या एका पतसंस्थेची लिलावाची नोटीस. 'मयत अमुक यांचे वारस १) पत्नी २) मुलगा ३) मुलगा ४) मुलगी', गट नंबर, क्षेत्र १ हेक्टर १२ आर, चतुःसीमा, थकबाकी, अपसेट प्राइस (म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किंमत), जागा, वेळ. माणूस तोच. वर गळ्यात हार, खाली गट नंबर.

मी ती 'सर्वांसाठी' डिलीट केली. दहा मिनिटांत टाकणाऱ्याचा फोन. "पेपरात आलेली नोटीस हाय, तू कोण काढणारा?"

माझं म्हणणं एवढंच: पतसंस्थेनं कायद्यानं काय करायचं ते करावं. पेपर आहे, तहसील आहे, चावडी आहे. पण ज्या ग्रुपवर त्या घरच्या सुना, शाळेतली पोरं, सोयरेधायरे आहेत तिथं ती फिरवायची काय गरज? त्या घरचा थोरला दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालायला आलाच नाही. पोराच्या हाती कॅन पाठवली. बोला.

---

मोटेवरचा

बरोबर केलंस भावा. टाकणाऱ्याचा बांध त्या गटाला लागून असणार, पैजेवर सांगतो.

---

गोदाकाठचा

लागून नाही. एक गट सोडून आहे.

---

मोटेवरचा

मग झालं की.

---

ठेवीदार

मी उलट बाजूनं बोलतो, राग मानू नका. मी पण शेतकरीच. आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली तेव्हा माझ्या मावशीचे एक लाख ऐंशी हजार अडकले. काकांच्या माघारी तिनं म्हैस विकून, शिवणकाम करून साठवलेले. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेवीचा विमा असतो, पतसंस्थेला तो नाही. आठ वर्षं झाली, मावशी अजून पासबुक पिशवीत घालून हेलपाटे मारते. तिला सांगतात काय? "वसुली होईल तसे देऊ."

थकबाकीदाराची अब्रू दिसते, कारण त्याला दारात ट्रॅक्टर आणि भिंतीवर फोटो आहे. मावशीची अब्रू कुठल्या नोटिशीत छापून येत नाही. नोटीस दाबायची म्हणजे वसुली दाबायची. टाकणारा वाईट हेतूचा असेल, पण कागद खोटा नव्हता ना?

---

बळीचा वारस

मोठ्यांची नावं पण अशीच टाकतात का हो? साखर कारखान्यांची थकहमी सरकार देतं, आमच्या बापाला हमी कोण देणार? दोन एकरवाल्याचीच दवंडी. ॲडमिननं योग्य केलं.

आणि शेतजमिनीचा लिलाव बंद आहे ना? शेतजमिनीला सरफेसी, म्हणजे बँकांनी कोर्टात न जाता तारण विकायचा कायदा, लागत नाही असं वाचलं होतं.

---

कज्जेदलाल नव्हे वकील

बळीचा वारस, अर्धं बरोबर, आणि या अर्ध्यानंच लोक गाफील राहतात. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, कलम ३१ मध्ये. पण तालुक्याची पतसंस्था किंवा गावची सोसायटी सरफेसीनं येतच नाही. ती १९६० च्या सहकार कायद्यानं येते. कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, मग कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतल्या १०७ नं जप्ती आणि लिलाव. शेतजमीन असली तरी त्यातून सुटत नाही.

आता मूळ प्रश्न. ॲडमिनसाहेब, माफ करा, पण तुमची दया उलटी पडते आहे. नियम १०७ काय म्हणतो बघा. लिलावाचा जाहीरनामा किमान तीस दिवस आधी वसुली अधिकाऱ्याच्या कचेरीत आणि तालुक्याच्या कचेरीत डकवायचा. शिवाय लिलावाच्या आधी लागोपाठ दोन दिवस, आणि लिलावाच्या दिवशी बोली सुरू होण्यापूर्वी, गावात दवंडी पिटायची. हलगी वाजवून. हे कर्जदाराची बेअब्रू करायला लिहिलेलं नाही. बोली लावणारे जास्त जमावेत, जमिनीला खरा भाव यावा, म्हणून लिहिलेलं आहे.

दवंडी न पिटता पिटल्याचा पंचनामा होतो, तेव्हा फायदा कुणाचा? अशी एक फाइल मी चालवली. पंचनाम्यावर ज्या पंचाची सही होती, तो त्या दिवशी मुलीच्या बाळंतपणाला परजिल्ह्यात होता. नोटीस आली होती ती अशा पेपरात, की जो मला सोडा, तालुक्याच्या स्टँडवरच्या पेपरवाल्यालाही माहीत नव्हता. बोलीला तीन माणसं. तिघांची मोटारसायकल एकच.

आणि गिऱ्हाईक मुळात मोजकंच. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे बोलीला येणार पंचक्रोशीतलेच. त्यांनाच कळू दिलं नाही, तर भाव कोण काढणार?

---

मोटेवरचा

वकीलसाहेब, 'तिघांची मोटारसायकल एकच' 😄

---

गोदाकाठचा

वकीलसाहेब, कायदा मान्य. पण दवंडी झाली की विरून जाते. ग्रुपवरचं कात्रण मुंबईपर्यंत जातं. थोरल्याच्या धाकट्या मुलीची सोयरीक चालू आहे, पाव्हण्यांच्या मोबाइलवर पोचलं तर? हलगीनं सोयरीक मोडत नव्हती.

---

जुनं दप्तर

हलगीनं काय काय मोडलंय ते विचारू नका. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्ड्यात अशाच हुकूमनाम्याच्या (कोर्टाच्या वसुली हुकमाच्या) वसुलीवरून गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. न्हाव्यानं हजामत करायची नाही, पाणक्यानं पाणी भरायचं नाही. ते लोण गावोगाव गेलं आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा झाला. लोकांनी कर्जखतं, रोखे, हुकूमनामे शोधून शोधून जाळले. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यातून आला. तेव्हा गाव कर्जदाराच्या मागं उभं राहिलं होतं. आता गाव कात्रण फॉरवर्ड करतं.

माझं मत: गावातल्या कुणी बोलीच लावू नये. बोलीच नाही तर लिलाव कसला?

---

ठेवीदार

दप्तरराव, तेव्हा समोर सावकार होता. इथं समोर माझी मावशी आहे. तिचा पण दाणापाणी बंद करणार का?

---

सेवानिवृत्त गटसचिव

तीस वर्षं सोसायटीत काढली म्हणून दोन शब्द. "बोलीच लावू नका" हे ऐकायला फार गोड. बोली आली नाही तर जमीन मोकळी होत नाही. कलम १०० आणि नियम ८५ नं ती संस्थेच्याच नावावर चढवता येते. आमच्या भाषेत 'शंभर-पंच्याऐंशी'. सातबाऱ्यावरून बाप जातो आणि संस्था येते. मी असे दोन फेरफार पाहिलेत. गावानं एकी दाखवून बहिष्कार टाकला, पेढे वाटले, आणि दीड वर्षांनी तो सातबारा उघडला तर कब्जेदार सदरी संस्था. त्या माणसानं मला विचारलं, "आण्णा, मंग ते पेढे कशाचे होते?"

उपाय असतो तो लिलावाच्या आधी. एकरकमी परतफेडीचा अर्ज, व्याजात सूट, अर्धा एकर स्वतः विकून उरलेलं सोडवणं. त्याला भावकीची बैठक लागते. आणि घरातला ज्याला नोटीस मिळते तोच ती पत्र्याच्या पेटीत घालून ठेवतो, मग बैठक कशावर होणार? नोटीस चुलीत घालणारे पण पाहिलेत.

त्यात कर्जमाफीची वाट बघणं हा वेगळाच रोग. २०१७ ला दीड लाखापर्यंत झाली, २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत. ती बँकांच्या आणि सोसायटीच्या पीककर्जाची. पतसंस्थेचं जमीनतारण कर्ज तिच्यात बसत नाही, हे सांगून सांगून माझे केस पिकले.

---

माहेरवाशीण

इतका वेळ वाचत होते. सगळे अब्रू, बोली, सावकार बोललात. मला त्या दोन कागदांबद्दल बोलायचंय.

दादा, तुम्ही लिहिलंत की नोटिशीत 'वारस ४) मुलगी' होती. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत तिचं नाव होतं का?

---

गोदाकाठचा

ताई, आत्ता परत उघडून बघितली. नाही. दोन्ही भाऊ, पाच नातवंडं, शेवटी 'समस्त परिवार व आप्तेष्ट'. तीन महिन्यांच्या नातवाचं पण नाव आहे.

---

माहेरवाशीण

वाटलंच. आमच्या दादांच्या (वडिलांना दादा म्हणायचो) दशक्रियेच्या पत्रिकेत आम्हा दोघी बहिणींचं नाव नव्हतं. भाऊ म्हणाला जागा पुरली नाही. दोन वर्षांनी कर्जाची नोटीस आली, त्यात मात्र आमची नावं पूर्ण, लग्नानंतरच्या आडनावासकट, पत्त्यासकट. माझ्या सासरी पोस्टमननं दारात सही घेतली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "तुला माहेरची जमीन मिळाली आणि बोललीस नाहीस?" मिळाली कुठं होती! वारस नोंदीनं सातबाऱ्यावर नाव लागलं होतं, आणि भाऊ हक्कसोडच्या कागदांवर सही मागत होता. मला तर दादांनी कर्ज काढलंय हेच ठाऊक नव्हतं.

म्हणून सांगते, ती नोटीस आली हे फार बरं झालं. त्या कागदानं मला पहिल्यांदा कळलं की मी कुणाची तरी वारस आहे. तुम्ही ज्यांची अब्रू झाकलीत त्यात ती चार नंबरची मुलगी धरली होती का, की फक्त डेअरीवर न आलेला थोरला?

---

मोटेवरचा

ताईंच्या पुढं बोलायला जागाच राहिली नाही.

---

बळीचा वारस

ताईंचं दुःख खरं आहे. पण तिला वैयक्तिक नोटीस गेलीच असेल ना टपालानं? ग्रुपवर टाकल्यानं तिला काय मिळालं? दोन गोष्टी मिसळू नका. माझं मत बदलत नाही.

---

कज्जेदलाल नव्हे वकील

'गेलीच असेल' यावरच माझी निम्मी वकिली चालते. पुष्कळदा सगळ्या वारसांची पाकिटं गावच्या एकाच पत्त्यावर येतात आणि एकच जण सगळी घेतो. बहिणीला खबर पेपरातून लागते, तीही कुणी दाखवला तर.

लेकीच्या हक्काबद्दल शंका असेल तर ती काढून टाका. वडिलोपार्जित जमिनीत तिला मुलाइतकाच हिस्सा आहे, महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ च्या दुरुस्तीनं, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालानं तर बाप २००५ ला हयात हवा होता की नको हाही वाद संपला. आणि बापाचं कर्ज वारसाच्या अंगावर येतं ते त्याच्याकडून आलेल्या मिळकतीपुरतंच, तिच्या सासरच्या भांड्याला हात लागत नाही.

जाता जाता, विषय निघालाच आहे म्हणून. पेपरात आणखी एक प्रकार असतो: 'माझा मुलगा माझ्या म्हणण्यात नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये, मी त्यास बेदखल केले आहे.' पाचशे-हजार रुपये मोजून बापाला हलकं वाटतं एवढंच. वडिलोपार्जित जमिनीतला जन्मानं आलेला हिस्सा पेपरात छापून जात नाही. तसंच वकिलामार्फत येणारी 'तमाम लोकांस कळविण्यात येते, सात दिवसांत हरकत घ्यावी' ही नोटीस. सात दिवस उलटले म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही, तरी तिला हेच सांगून सही घेतात. फेरफाराची नोटीस वेगळी, तिला हरकतीची मुदत १५ दिवस, आणि ती आता सरकारच्या 'आपली चावडी' साइटवर मोबाइलवर दिसते. माहेरचं गाव निवडून महिन्यातून एकदा बघत जा ताई.

आणि ॲडमिनसाहेब, लिलाव झाला तरी तीस दिवस हातात असतात. पूर्ण थकबाकी खर्चासकट, आणि घेणाऱ्यासाठी बोलीच्या पाच टक्के, एवढं भरून विक्री रद्द करायचा अर्ज करता येतो. जमिनीत हितसंबंध असलेल्या कुणालाही. म्हणजे चार नंबरलाही. पण तिला तारीख माहीत हवी.

---

ठेवीदार

नोटीस परत टाका. पत्रिकेखाली नको, दोन दिवस जाऊ द्या. पण टाका.

---

जुनं दप्तर

टाकू नका. घरी जाऊन द्या. गाव म्हणजे ग्रुप नव्हे, चालत पाच मिनिटांवर घर आहे.

---

गोदाकाठचा

काल संध्याकाळी गेलो होतो. थोरल्यानं चहा केला. म्हणाला, "तू काढलीस ते बरं केलंस, धाकट्याला कळलं असतं." मी विचारलं, म्हणजे त्याला माहीत नाही? तो चाकणला कंपनीत असतो, ग्रुपवर आहे पण म्यूट. त्या दिवशी त्यानं उघडायच्या आत मी उडवली होती. बहीण ग्रुपवर नाहीच, तिला कुणी घेतलंच नव्हतं. घेणारा मीच.

पाकिटं सगळी टीव्हीच्या मागं होती. चार. तीन फोडलेली नव्हती.

ग्रुपवर परत टाकलेली नाही, ते अजून पटत नाही. पण कात्रणाचा फोटो होता, तो धाकट्याला आणि बहिणीला वेगवेगळा पाठवला, खाली वकीलसाहेबांचं तीस दिवसांचं लिहिलं. थोरल्याला सांगून पाठवला. तो काही बोलला नाही, कॅन धुवायला उठून गेला.

बहिणीच्या निळ्या टिका लगेच झाल्या. रात्री साडेअकराला तिचा एकच मेसेज आला: "वर्षश्राद्ध कधी आहे?"