मदत हवी आहे : नाशिकमध्ये घटस्फोटासाठी वकील

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. लग्न पुण्यात झालं, आता दोन वर्षांपासून ती माहेरी नाशिकला आहे. दोघंही परस्पर संमतीला तयार आहेत, म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. प्रश्न फक्त पोटगी आणि स्त्रीधनाचा उरलाय, तेही बोलून मिटेल असं वाटतं.

नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात नेहमी काम करणारं कुणी माहितीत आहे का? बाई वकील असल्या तर उत्तम, बहिणीला मोकळेपणाने बोलता येईल. एकांना भेटलो, तर त्यांनी कागद न बघताच ४९८अ (सासरच्या छळाचं जुन्या दंडसंहितेतलं फौजदारी कलम) टाकू म्हणून सांगितलं. भांडण वाढवणारा माणूस नकोय हो!

संमतीचा अर्ज केल्यावर थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे. असा अर्ज प्रत्यक्षात कुणी करून घेतलाय का? फी एकरकमी ठरवावी की तारखेप्रमाणे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, तिथला अनुभव असेल तर तोही सांगा.

नावं कृपया मेसेजमध्येच पाठवा, नातेवाईकही या ग्रुपवर आहेत.